गवळ्याच्या बोळाची मोजणी

बडोद्याच्या म्युनिसिपालिटीत रमाकांत टिपणीस बावीस वर्षं दुसऱ्यांच्या अहवालांच्या नकला करीत आले होते. अक्षर असं सुरेख, की मूळ अहवाल लिहिणाऱ्यालाही नक्कल वाचून आपण काहीतरी शहाणपणाचं लिहिलं आहे असा भास व्हावा. त्यामुळे पौषातल्या एका सोमवारी इंजिनियर मानसिंगरावांनी बोलावून "हा अहवाल तुम्ही करायचा" असं सांगितलं, तेव्हा रमाकांतांनी नेहमीच्या सवयीनं विचारलं, "मूळ प्रत कुठं आहे, साहेब?"

"मूळ प्रत तुम्हालाच लिहायची आहे, टिपणीस."

रमाकांत बाहेर येऊन जिन्यावरच बसले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच एखाद्या कागदाखाली त्यांची सही 'नक्कल करणार' या शब्दांशिवाय येणार होती.

प्रकरण असं होतं. नागरवाड्यातून रावपुऱ्याच्या रस्त्याकडे जाताना जो कोपरा लागतो, तिथं वाडीलाल शेठ कापडवाले दुमजली मार्केट बांधणार होते. खाली चोवीस दुकानं, वर चोवीस वखारी, आणि वरच्या मजल्याला थेट रस्त्यावर चार हात पुढे आलेली कोरीव गॅलरी. नकाशा फार देखणा होता. त्या कोपऱ्याला लागून गवळ्याचा बोळ होता, तो मात्र नकाशात कुठं दिसत नव्हता. त्याच्या जागी सतरा आणि अठरा नंबरची दुकानं बसली होती. आता श्रीमंत सरकारांच्या राज्यात शिंकायलाही नियम होता म्हणतात, मग एवढ्या मोठ्या इमारतीला नसून कसं चालेल? तिच्यानं रहदारीवर काय परिणाम होईल आणि तिची रचना रस्त्याला जाचेल की काय, याची चौकशी झाल्याशिवाय परवानगी नव्हती. चौकशी करणारा ओव्हरसियर हिवतापानं अंथरुणावर होता. मंगळवार ते गुरुवार कोपऱ्यावर बसायचं, काय काय जातं ते मोजायचं, आणि शनिवारच्या सुनावणीला अहवाल हजर करायचा, असं काम होतं. त्यासाठी छापील तक्ता मिळाला. रकाने सहा: टांगे, बैलगाड्या, घोडेस्वार, सायकली, मोटारी आणि इतर.

रमाकांतांनी घरी येऊन ही बातमी अशा आवाजात सांगितली, की शेजारच्या दोन बिऱ्हाडांना वेगळी सांगावी लागली नाही. त्यांची बायको इंदिराबाई कणीक मळत होत्या. त्यांचा हात थांबला.

"बोळ राहणार ना पण?"

"बोळाचं काय घेऊन बसलीस! म्हशी जातात तिथून."

आतल्या खोलीतून गंगाबाई आत्याबाईंचा आवाज आला. रमाकांतांच्या या विधवा आत्या घराचं वरिष्ठ न्यायालय होत्या. "बंद झाला तर बरंच झालं. बायकांच्या वाचनालयाची थेरं तरी थांबतील. हमरस्त्यानं, त्या टांगेवाल्यांच्या तोंडासमोरून आमच्या घरची सून पुस्तकं मिरवत जायची नाही, सांगून ठेवते."

बोळाच्या पलीकडच्या टोकाला बायकांचं वाचनालय होतं, दुपारी दोन ते चार. इंदिराबाई दीड वर्ष तिथं जात होत्या. त्या पुन्हा कणीक मळू लागल्या, मात्र जरा जोरानं. रमाकांतांना पोळ्या मऊ लागल्या, एवढंच.

मंगळवारी सकाळी आठ वाजता डोक्याला पगडी, अंगात लांब कोट आणि मांडीवर तक्ता अशा थाटात ते कोपऱ्यावर स्टूल टाकून बसले. पहिला टांगा आला. त्यांनी टांग्यांच्या रकान्यात सावकाश, वळणदार रेघ मारली. टांगा थांबला. आतून त्यांचे जुने मास्तर डोकावले.

"अरे रमाकांत! इथं रस्त्यावर कसा बसलास? घरी सगळं बरं ना?"

आता बडोद्यात ओळखीचा माणूस बसलेला दिसला आणि आपण तसेच पुढे गेलो, असं होत नाही. त्याची प्रकृती, मग आत्याबाईंचे गुडघे, मग यंदाची थंडी, एवढं विचारल्याशिवाय पाय उचलला तर लोक त्याला भांडण समजतात. आणि बावीस वर्षं म्युनिसिपालिटीत बसलेल्या कारकुनाला कोण ओळखत नाही! टांग्यामागं कापसाची गाडी उभी राहिली. गाडीवाला खाली उतरून हात जोडत म्हणाला, "केम छो, रावसाहेब? तबियत सारी छे ने?" त्याच्यामागं दोन सायकली आल्या, त्यांच्यावरून दोन शिक्षक उतरले. पाव तासात अकरा नोंदी झाल्या आणि अकराही तिथंच उभ्या होत्या.

रमाकांतांनी शेऱ्याच्या जागी लिहिलं: 'सव्वाआठ वाजता कोपरा पूर्णपणे बंद. सध्याच्याच रहदारीस रस्ता अत्यंत अपुरा.' हे त्यांचं स्वतःचं पहिलं वाक्य. त्यांनी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्यांना ते आवडलं.

दुपारी हिंमतराव आले. हे शेजारी पागेतून जमादार म्हणून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून हाताखाली कोणी नसल्यामुळे सगळ्या नागरवाड्याला सल्ला देत.

"रमाकांतराव, टेहळणी अशी जमिनीला चिकटून करतात होय? उंचावर बसा. शत्रूचं शेपूट दिसलं पाहिजे."

"शत्रू नाहीत हो, टांगे आहेत."

"मोजायचं म्हटलं की सगळे सारखेच."

बुधवारी सकाळी हिंमतरावांनी घरातलं मोठं बाकडं आणून विटांवर चढवलं, वर खुर्ची ठेवली आणि खुर्चीला पागेतली एक जुनी, माणूसभर रुंद छत्री बांधली. रमाकांत त्या आसनावर चढले तेव्हा खालून दोन म्हाताऱ्यांनी त्यांना नमस्कार केला आणि कीर्तन किती वाजता आहे म्हणून विचारलं. पण खरोखरच लांबवरचं दिसत होतं. अडचण एवढीच, की लांबवरून रमाकांतही दिसत होते. काल ज्यांनी गप्पांत पाहिलं नव्हतं, त्यांनीही आज पाहिलं, आणि ज्यांची ओळख नव्हती ते करून घ्यायला थांबले. हिंमतराव हातात काठी घेऊन रहदारी नीट लावू लागले. नीट लावण्यासाठी ती आधी थांबवावी लागे, आणि ती थांबलेली इतकी नीटनेटकी दिसे, की तिला सोडावंसं त्यांना वाटत नसे.

त्यात वाडीलाल शेठांना कळलं, की सरकारी माणूस उन्हात बसला आहे. शेठ मनानं मोठे होते. त्यांनी थंडगार पाण्याचे दोन माठ पाठवले आणि मागोमाग स्वतः आले. "रमाकांतभाई, तमे तर अमारा मेहमान! आपल्या कोपऱ्यावर कोणी तहानलेला बसला तर मला रात्री झोप येईल का?"

रमाकांत पेचात पडले. ज्याच्या इमारतीची चौकशी करायची त्याचं पाणी प्यावं की नाही, याविषयी नियम सापडेना. त्यांनी घरून तांब्या मागवला आणि मोठ्या निश्चयानं त्यातलंच पाणी प्यायले. माठ मात्र तिथंच राहिले, आणि येणारा जाणारा प्रत्येक जण दोन्ही माठांना न्याय देऊन जाऊ लागला.

खरा कहर गुरुवारी झाला. या राज्यात विहिरी, झाडं, शाळेत जाणारी मुलं, सगळ्यांची नोंद होते, आणि नोंद नसेल तर पुढं ऐकून घेत नाहीत, हे लोकांना पाठ होतं. तेव्हा कोपऱ्यावर सरकारी माणूस गाड्या लिहून घेतोय म्हटल्यावर त्यांनी सरळ हिशेब केला, की मार्केट झाल्यावर ज्याची गाडी वहीत आहे त्यालाच इथून जाऊ देणार. पहाटेपासून हरणी गावाच्या बाजूनं बैलगाड्यांची रांग लागली. ज्यांना या रस्त्यानं जायचं कधी कारण पडलं नव्हतं, तेही नातवंडांची सोय म्हणून आले होते. एकानं तर चाक मोडलेली गाडी चार माणसांकडून ढकलत आणली.

"रावसाहेब, आमची लिहिली ना?"

"लिहिली, लिहिली."

"नाव कुठं लिहिलंत? नुसती रेघ दिसते."

"रेघ म्हणजेच तुम्ही!"

हे त्या माणसाला अपमानास्पद वाटलं. त्याची समजूत काढण्यात अर्धा तास गेला, आणि तेवढ्यात मागं आणखी चाळीस गाड्या उभ्या राहिल्या.

एकच्या सुमाराला हत्ती आला. माहूत खालूनच ओरडला, "साहेब, आमचं पण लिहून घ्या! दसऱ्याला इथनंच जावं लागतं." रमाकांतांनी तक्ता वरून खाली पाहिला. हत्तीला रकाना नव्हता. त्यांनी 'इतर' खाली एक रेघ मारली आणि खात्री असावी म्हणून पुढं लिहिलं: हत्ती. हिंमतरावांनी मात्र हत्तीकडे पाहून आयुष्यातलं सर्वांत उपयोगी निरीक्षण केलं. "रमाकांतराव, शेठची गॅलरी बरोबर अंबारीच्या उंचीला येतेय. स्वारीतले सरदार रस्त्यानं निघायचे आणि कापडाच्या वखारीत पोचायचे." तोवर हत्तीनं दोन्ही माठ रिकामे केले होते.

या सगळ्यात रमाकांतांच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. समोरच्या शिंप्याच्या ओट्यावर बसून टोक काढावं म्हणून ते खाली उतरले आणि रस्ता ओलांडून गेले. टोक काढून वर पाहतात, तर शिंप्याच्या ओट्यासमोर मुंगीला जागा नाही, आणि पलीकडे बाकड्याभोवतीचा कोपरा लखलखीत मोकळा. तिथं फक्त हिंमतराव आणि हत्ती.

रमाकांत परत आले. गर्दी परत आली. ते पुन्हा ओट्यावर गेले. मास्तर, गाडीवाले, तहानलेले, नोंदीचे उमेदवार, सगळे पुन्हा पाठोपाठ. तिसऱ्यांदा ते रस्त्याच्या मधोमधच थांबले. तीन दिवस ज्या अडथळ्याबद्दल ते पानं भरत होते, तो अडथळा पगडी घालून स्वतःच बसला होता.

संध्याकाळी त्यांना जेवण गेलं नाही. इंदिराबाईंनी तक्ता उचलून दिव्याशी धरला आणि नीट वाचला. दीड वर्षात त्या पुष्कळ भरभर वाचू लागल्या होत्या, हे रमाकांतांनी कधी पाहिलं नव्हतं.

"बैलगाड्या सहाशे चौदा," त्या म्हणाल्या. "बडोद्यात तरी आहेत का एवढ्या?"

"नाहीत. चुकलं सगळं. मी बसलो म्हणून त्या थांबल्या."

"आणि हे इतर, हत्ती?"

"हो. एक."

इंदिराबाईंनी तक्ता खाली ठेवला. "अहो, तीन दिवसांत एक हत्ती गेला, तो लिहिलात. बोळातून रोज आम्ही चाळीस जणी जातो. आम्ही कुठं आहोत यात?"

रमाकांतांनी तक्ता पुन्हा जवळ ओढला. चालणाऱ्या बायकांना रकाना नव्हता. रकाना नाही म्हणून त्या दिसल्याच नव्हत्या, आणि त्यातली एक रोज त्यांना वाढत होती.

"बोळ गेला तर आत्याबाई मला हमरस्त्यानं जाऊ देणार नाहीत," इंदिराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण डोळे भरले होते. "मला एकटीला नव्हे, कुणालाच घरचे जाऊ देणार नाहीत. माझ्या वयाला आत्ता कुठं अक्षरं हातात आलीत हो. ती दोन दुकानांसाठी जाऊ देऊ नका."

रमाकांतांना स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

शुक्रवारी त्यांनी पुन्हा मोजणी करायची ठरवली, पण कोणाला न दिसता. पगडी घरी ठेवली, मुंडासं गुंडाळलं, आणि गवळ्याच्या परवानगीनं बोळाच्या तोंडाशी असलेल्या गोठ्यात, दोन म्हशींच्या मधोमध पेंढीवर बसले. तिथून कोपराही दिसत होता आणि बोळही. म्हशींनी त्यांची प्रकृती विचारली नाही. एकीनं तक्त्याचा कोपरा खाल्ला, तो मोटारींचा होता, आणि मोटार दिवसभरात एकच गेली. कोपऱ्यावरून गाड्या आपापल्या वाटेनं जात होत्या, कोणी कुठं अडत नव्हतं. दिवसाच्या शेवटी बैलगाड्या भरल्या एकसष्ट.

दोन वाजले आणि बोळात पावलं वाजू लागली. रमाकांतांनी तक्त्याच्या समासात हातानं सातवा रकाना आखला: पायी बायका. पदराखाली पुस्तकं धरून तरुण सुना गेल्या, पोक्त बायका गेल्या, एक तर कडेवर मूल घेऊन गेली. मग इंदिराबाई आल्या. कोणातरी मैत्रिणीशी पुस्तकातल्या कोणाबद्दल तरी तावातावानं भांडत होत्या आणि मधेच खो खो हसल्या. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. हे हसू घरात कधी ऐकू आलं नव्हतं. रमाकांतांचा हात रेघ मारायची विसरला. मग त्यांनी ती मारली, बाकीच्यांपेक्षा जरा ठळक. शेवटी घोंगडीत डोक्यापासून गुरफटलेला म्हातारा गवळी काठी टेकत गेला, त्याची 'इतर' मध्ये नोंद झाली. बायकांची बेरीज त्रेचाळीस.

संध्याकाळी हिंमतराव सल्ला घेऊन हजर. "वेडे आहात का? पहिला तक्ताच द्या. सहाशे चौदा गाड्या बघून साहेब मार्केटच नामंजूर करतील. बोळ वाचला, लढाई संपली. आपणच अडथळा होतो हे लिहून कोणी देतं का?"

रमाकांतांना ते पटलं. दहा मिनिटं पूर्ण पटलं होतं. पण बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची खोटी वाक्यं सुंदर अक्षरात लिहिली होती, आणि स्वतःचा पहिलाच अहवाल त्यांच्यातला एक व्हावा हे त्यांना सोसेना. शिवाय इंदिराबाई समोर बसून वाचणार होत्या. त्यांनी लिहिलं: 'पहिल्या तीन दिवसांची गर्दी निम्नस्वाक्षरीकाराच्या तेथे बसण्यामुळे झाली असून ती आकडेवारी रद्द समजावी.' लिहिताना कान तापले. मग पुढं लिहिलं, की मार्केटला हरकत नाही. मात्र गॅलरी मागे घ्यावी, कारण ती अंबारीस लागेल. बोळ इमारतीच्या पोटातून तसाच उघडा ठेवावा, कारण तेथून रोज त्रेचाळीस बायका वाचनास जातात. आणि दुकानांपुढे आठ हात जागा सोडून ओटा बांधावा, कारण या शहरात माणूस माणसाला भेटला की थांबतो, आणि त्याला थांबायला रस्त्याबाहेर जागा हवी.

शनिवारी सुनावणीत मानसिंगरावांनी अहवाल मोठ्यानं वाचला. 'निम्नस्वाक्षरीकाराच्या तेथे बसण्यामुळे' इथं ते थांबले, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि खोकल्यासारखं काहीतरी केलं. सगळी कचेरी खोकू लागली. रमाकांत टेबलाच्या पायाकडे बघत उभे राहिले.

वाडीलाल शेठ मात्र चिडून उठले. "साहेब, गॅलरी घ्या, ओटा घ्या! पण बोळासाठी माझी बे दुकान? ते कसं चालेल?"

"शेठ," रमाकांत म्हणाले. आपण बोलतो आहोत याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. "त्रेचाळीस बायका. जाताना एकदा, येताना एकदा. रोज. तुमच्या मार्केटच्या पोटातून."

शेठ उभेच राहिले. त्यांचे ओठ हिशेब केल्यासारखे हलत होते. ते कापडाचे व्यापारी होते.

"बन्ने बाजू साडीनी दुकान, दोन्ही बाजूंना," ते हळूच म्हणाले, आणि मग मोठ्यानं, "साहेब, बोळ जरा रुंद नाही का करता येणार?"

परवानगीच्या कागदावर मानसिंगरावांनी तिन्ही सूचना मंजूर केल्या आणि खाली शेरा मारला: 'अहवाल उत्तम. मात्र पुढील कोणत्याही मोजणीस टिपणीस यांना रस्त्यावर बसवू नये.' रमाकांतांनी फक्त पहिले दोन शब्द ध्यानात ठेवायचं ठरवलं.

घरी त्यांनी अहवालाची प्रत इंदिराबाईंच्या हातात दिली. ही नक्कल त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या लिखाणाची केली होती. इंदिराबाईंनी सगळी वाचली, सातव्या रकान्याशी आल्या, त्यावरून बोट फिरवलं आणि गालात हसल्या.

"त्रेचाळीस नव्हे. चव्वेचाळीस."

"शक्य नाही. मी एकेक मोजलीय. गोठ्यातून."

"माहीत आहे गोठ्यातून. मुंडाशातून शेंडी दिसत होती." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहून आवाज खाली घेतला. "घोंगडीतला म्हातारा गवळी लिहिलात ना, इतर मध्ये? आत्याबाई होत्या त्या. दर शुक्रवारी वाचनालयात एक जण आम्हा सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवते. आत्याबाई दारामागं बसून ऐकतात आणि आमच्या आधी निघून घरी येतात. मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नका."

आतल्या खोलीत गंगाबाई मोठमोठ्यानं जपमाळ ओढत होत्या. रमाकांतांनी दौत पुढं ओढली, 'इतर' मधला एक खोडला, त्रेचाळीसचे चव्वेचाळीस केले, आणि खाडाखोडीशेजारी बारीक सही केली. सहीशिवाय दुरुस्ती त्यांच्या खात्यात कोणी खरी मानत नसे.